खुबे मोकळे करायची आसनं गुडघा न दुखवता कशी करावी?

मेहरूणकाठ
नमस्कार मंडळी. वय ४७, जळगाव, बँकेत काउंटरवर नोकरी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्ची, घरी आल्यावर ओट्यापाशी उभं. जमिनीवर बसायची सवय कधी सुटली ते कळलंच नाही.

२१ जूनच्या योगदिनानंतर घराजवळच्या वर्गात नाव घातलं. चौथ्या दिवशी बद्धकोनासन चाललं होतं. तळपाय जुळवलेले, पण माझे गुडघे जमिनीपासून वीतभर वरच. शिकवणारे मागून आले, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि "शरीर सैल सोडा" म्हणत खाली दाबलं. उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला कट्‌ असा आवाज झाला. पुढचे दोन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लिगामेंट ताणलं गेलंय, फाटलेलं नाही. दुखणं थांबलंय, भीती मात्र आहे.

मला हे सोडायचं नाहीये. आमच्याकडे कानबाई बसते. श्रावणातली ती एक रात्र सगळ्या बायका जमिनीवर मांडी घालून गाणी म्हणत जागतात. गेल्या वर्षी मी एकटी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि ते मला फार लागलं. म्हणून विचारते, खुबे मोकळे करायची आसनं घरच्या घरी, कोणी न दाबता, सुरक्षित कशी करायची?

खापरमांडे
ताई, वाचूनच माझा गुडघा ठणकला. कोणी असं दाबायला आलं तर सरळ हात धरून बाजूला करायचा. लाजायचं नाही.

चोपड्याचा_पैलवान
माझं वय ६८. आजही पद्मासनात अर्धा तास बसतो. आमच्या वेळी खुबे मोकळे करायची वेगळी आसनं नव्हती. तालमीत बैठका, जेवायला मांडी, शौचाला उकिडवं. शरीर आपोआप मोकळं राहायचं. तुम्हाला खुर्चीनं आखडवलंय. थोडी कळ सोसा, रोज बसा, महिन्यात जमेल. कळ सोसल्याशिवाय काही मिळत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

पांझराकाठ
मी धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं झाली. काकांचा अनुभव खरा, पण "कळ सोसा" हे या बाबतीत कृपा करून कोणी ऐकू नका. कारण सांगते.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. पुढे, मागे, बाजूला, आत, बाहेर, सगळीकडे. गुडघा तसा नाही. तो दाराच्या बिजागरीसारखा. उघडतो, मिटतो, आणि वाकवलेला असताना जरासा वळतो, बस. मांडी घालताना किंवा पाय जुळवून बसताना जे वळण लागतं ते खुब्यातून यायला हवं. खुबा आखडलेला असेल आणि तरीही पाऊल ओढलं किंवा गुडघा दाबला, तर ते वळण गुडघ्याला घ्यावं लागतं. दार चौकटीत अडकलंय आणि आपण हिसका देतोय, तर आधी बिजागरीच उचकटणार. मेहरूणकाठ ताईंचं नेमकं हेच झालं. असाच जोर रोज लागत राहिला तर गुडघ्यातली गादीही फाटते.

मी पेशंटला एकच गोष्ट आधी विचारते: ताण कुठे लागतोय? मांडीच्या आतल्या स्नायूत किंवा कुल्ल्याच्या बाहेरच्या भागात, पसरट, श्वास घेता येईल असा लागत असेल तर चालेल. गुडघ्यात काहीही जाणवलं, अगदी थोडंसुद्धा, तर मागे या. जांघेत पुढून चिमटा बसल्यासारखी टोचणी आली तरी मागे या, कारण तिथे स्नायू ताणला जात नाही, दोन हाडांमधला भाग दाबला जातो. पायाला मुंग्या आल्या, बधिरपणा आला, तर त्या दिवशी बंद.

कपाशी
पैलवान काका, उकिडवं बसल्यानं सगळं मोकळं राहतं, यावर मला बोलायचं आहे. मी पारोळ्याकडची. माझी आई निंदणीला जायची. हातात विळा, दोन्ही टाचा मातीला टेकलेल्या, पिकाच्या एका ओळीतून पुढे तशीच उकिडवी सरकत जायची. सकाळपासून दुपारच्या भाकरीपर्यंत. तिचे खुबे आजही इतके मोकळे आहेत की नातवंडांना आश्चर्य वाटतं. पण दोन्ही गुडघे झिजलेत. ६३ वर्षांची आहे, रात्री एरंडाची पानं गरम करून बांधते. ती एकच सांगते, "जठे दुखस तठे थांब." तिला थांबता आलं नाही, मजुरी होती. आपल्याला थांबता येतं.

पांझराकाठ
कपाशी, आईंना माझा नमस्कार सांगा. बरोबर आहे. तासन्‌तास खोल उकिडवं बसून काम आणि गुडघ्याची झीज यांचा संबंध आहे. दोन मिनिटं मालासन, म्हणजे योगातलं उकिडवं बसणं, वेगळं, सहा तास निंदणी करणं वेगळं.

खापरमांडे
मालासन म्हटलं की मला हिवाळ्यातली भरीत पार्टी आठवते. शेतात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवून सगळे आळीपाळीनं उकिडवे बसून वांगी उलटतात. आमचे जावई मुंबईचे. पहिल्या वर्षी बसले ते उठेचनात, दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं. तेव्हापासून त्यांच्यासाठी लाकडाचा ओंडका ठेवतो. त्यावर बसून ते सगळ्यांपेक्षा छान वांगी भाजतात.

पुण्यातला_खान्देशी
तो ओंडका म्हणजेच योगातला ठोकळा. बी.के.एस. अय्यंगारांनी १९७५ मध्ये पुण्यात संस्था सुरू केली. त्यांच्या पद्धतीत लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घड्या घातलेली ब्लँकेटं हे सगळं रोजचं सामान आहे. मी सॉफ्टवेअरवाला, दिवसाचे नऊ तास बसून. पहिल्या दिवशी बाईंनी मला तीन ब्लँकेटांच्या घडीवर बसवलं आणि मला वाटलं, मी कच्चा म्हणून. मग त्यांनी घडी काढून बसायला सांगितलं. लगेच कंबर मागे कलली, पाठीला पोक आलं, गुडघे वर गेले. परत घडीवर बसलो तर गुडघे आपोआप दोन बोटं खाली. कोणी हातही लावला नव्हता.

चोपड्याचा_पैलवान
हे टेकू-बिकू मला पटत नाही. टेकूची सवय लागली की शरीर टेकूच मागतं.

भुसावळची_ताई
काका, मी योग शिकवते, म्हणून उत्तर देते. टेकूची उंची कमी करत न्यायची असते. पण जमली नाही कमी तरी बिघडलं काय? जमिनीवर सुखानं बसता आलं, हे महत्त्वाचं.

आधी मेहरूणकाठ ताईंना, एक शिकवणारी म्हणून मनापासून सॉरी म्हणते. विचारल्याशिवाय कोणाच्या सांध्यावर भार द्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायला हवं आणि आम्ही ते रोज पाळायला हवं. हात लावायचाच तर दिशा दाखवण्यापुरता, बोटांनी. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका मुलीची पाठ पश्चिमोत्तानासनात दाबली होती. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही कधी आली नाही. ते आजही मनातून जात नाही.

आता घरी काय करायचं ते सांगते. सकाळी उठल्या उठल्या करू नका, अंग आखडलेलं असतं. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं चालून या, मग बसा. पहिले दोन आठवडे बसून काहीच नको, पाठीवर झोपून करा. झोपलं की कमरेचं ओझं खुब्यावर येत नाही आणि आपण जोर करायला जात नाही. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, पाऊलं जमिनीवर. उजव्या पायाचा घोटा डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर ठेवायचा. उजवं पाऊल ढिलं सोडायचं नाही. बोटं नडगीकडे ओढून पाऊल ताठ ठेवायचं, त्यानं गुडघा सांभाळला जातो. बऱ्याच जणींना एवढ्यानंच कुल्ल्यात ताण लागतो. लागला तर तिथेच पाच-सहा श्वास राहायचं. लागला नाही तरच डावी मांडी दोन्ही हातांनी छातीकडे घ्यायची. मग बाजू बदलायची.

त्यानंतर सुप्त बद्धकोनासन. झोपूनच तळपाय जुळवायचे, गुडघे बाजूला जाऊ द्यायचे आणि दोन्ही मांड्यांखाली उशा किंवा गोधडीच्या घड्या द्यायच्या. मांडी उशीवर पूर्ण टेकली पाहिजे. मांडी हवेत लोंबत असेल तर स्नायू घट्ट धरून राहतो, मोकळा होत नाही. टाचा जांघेपासून थोड्या लांब ठेवल्या की गुडघा कमी वाकतो, तुमच्यासाठी ते बरं. उठताना गुडघ्यांखाली हात घालून पाय हातांनी मिटायचे, मग कुशीवर वळून उठायचं.

आणि फुलपाखराचे पंख फडफडवल्यासारखे गुडघे जोरानं वरखाली हलवू नका. शाळेत सगळ्यांना तसं शिकवलंय. हिसक्यानं स्नायू उलट आवळतो.

लोको_भुसावळ
ताई, मी रेल्वेत. ड्युटीत तासन्‌तास बसून. माझं मांडी घालण्याचं अडत नाही, पण उतरून चालायला लागलो की जांघ पुढून आखडलेली असते, पहिली पन्नास पावलं वाकूनच. त्याला काय करावं?

भुसावळची_ताई
दादा, बसून बसून खुब्याच्या पुढचा स्नायू आखूड राहतो. तुम्हाला अंजनेयासन. एक गुडघा जमिनीवर, त्याखाली जाड घडी, दुसरा पाय पुढे. पुढे झुकण्याआधी मागच्या पायाच्या बाजूचा कुल्ला आवळा आणि ओटीपोट वर उचलल्यासारखं करा. एवढ्यानंच जांघेत ताण येतो, खोल जायची गरजच पडत नाही. कमरेतून मागे वाकू नका, नाहीतर सगळं कमरेवर येईल.

चोपड्याचा_पैलवान
आमच्याकडे उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे अंघोळ करून बसलं की अंग लोण्यासारखं होतं. त्यानंतर आसनं करून पाहा.

खापरमांडे
उनपदेवची आठवण काढलीत काका! लहानपणी आजीबरोबर गेले होते. आजी पाण्यात पाय सोडून बसली की उठायला तयार नसायची.

कपाशी
मग एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंश असतं, तेव्हा वेगळी तयारी कशाला? अंग तर गरमच असतं.

पांझराकाठ
नाही ना. बाहेरून तापणं आणि हालचालीनं स्नायू गरम होणं यात फरक आहे. गरम पाण्यानं सैल वाटतं, वेदनाही कमी जाणवते, आणि म्हणूनच माणूस आपल्या मर्यादेपलीकडे जातो. गरम पाण्याची अंघोळ जरूर करा, पण नंतर थोडं चाला, आणि ताण नेहमीपेक्षा कमीच द्या. मे महिन्यात रात्री करा, पाणी पीत राहा.

अजून एक सांगायचं राहिलं. फक्त ताणून भागत नाही. खुब्याभोवतीचे स्नायू दुबळे असले की शरीर भीतीनं सांधा घट्ट धरून ठेवतं. सेतुबंधासन रोज करा, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून दहा वेळा सावकाश कंबर उचलायची आणि सावकाश खाली. भिंतीला एक हात लावून, एका पायावर उभं राहून वृक्षासन करा, दुसरं पाऊल गुडघ्यावर टेकवायचं नाही, त्याच्या खाली पोटरीवर किंवा वर मांडीवर. आणि काही मुली मुळातच खूप लवचीक असतात, पाय कुठेही जातो, त्यांनी तर ताणायचं कमी आणि ताकद जास्त.

नवी_पहाट
मी सहा महिन्यांची गरोदर आहे, बाळंतपणासाठी शहाद्याला माहेरी आलेय. आई म्हणते रोज मालासनात बस, बाळंतपण सोपं जातं. बसू का?

पांझराकाठ
बाळा, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. वार खाली असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल तर नाहीच. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे सांधे सैल होतात, त्यामुळे पाय नेहमीपेक्षा सहज लांब जातो आणि तिथेच फसायला होतं. जाईल तितकं जायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले तर पाटावर किंवा छोट्या स्टुलावर बसून, खिडकीचे गज धरून, थोडाच वेळ. चालताना किंवा कुशीवर वळताना ओटीच्या हाडात पुढे दुखत असेल तर पाय फाकवायची सगळी आसनं बंद, आणि मला इथे लिही.

नवी_पहाट
खूप आभार ताई. आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच पाट धुऊन ठेवला.

सातपुड्याचा_मास्तर
मी धडगाव भागात आश्रमशाळेत शिक्षक आहे. मला जे सांगायचंय ते थोडं वेगळं आहे, पण याच धाग्यात यायला हवं.

आमच्याकडे सकाळी मुलांची योगासनं होतात. नववीतला एक मुलगा बद्धकोनासनात डावा पाय बाजूला टाकेचना. मुलं हसायची. मीही त्याला दोनदा म्हणालो, "प्रयत्न कर, आळस करू नको." एके दिवशी तो मैदानावरून वर्गाकडे येताना मी मागून पाहिलं, तो लंगडत होता. विचारलं तर म्हणाला, जांघेत दुखतं, रात्रीसुद्धा दुखतं. तो सिकलसेलचा रुग्ण होता. त्याचं कार्ड कार्यालयातल्या फाईलमध्ये होतं आणि मला माहीत नव्हतं.

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचलं नाही तर तिथलं हाड मरू लागतं. अशा सांध्याला ताण देणं म्हणजे नुकसान वाढवणं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तपासणी होते, कार्ड मिळतं. पण ते कार्ड शिकवणाऱ्याच्या हातात पोचलं पाहिजे. माझी विनंती आहे, एखाद्या मुलाचा एकच पाय बाजूला जात नसेल, जांघेत दुखत असेल, तर त्याला आसन करायला लावू नका, डॉक्टरकडे न्या.

पांझराकाठ
मास्तर, हे लिहिलंत, फार चांगलं केलंत. सिकलसेलशिवाय दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांना आणि जास्त दारू पिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. सुरुवातीला साधा एक्सरे अगदी ठीक दिसू शकतो, एमआरआयमध्येच कळतं. म्हणून "एक्सरे नॉर्मल आहे, ताणा बिनधास्त" असं समजू नका. खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही इथलं वाचून काही सुरू करू नये. मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, खूप वाकणं, यातलं काय चालेल ते शस्त्रक्रिया खुब्याच्या पुढून केली की मागून यावर ठरतं. ते तुमच्या सर्जनलाच विचारा.

चोपड्याचा_पैलवान
चार दिवस लिहिलं नाही, कारण विचार करत होतो. माझा धाकटा भाऊ आणि मी एकाच ताटात जेवलो, एकाच तालमीत वाढलो. तेवढ्याच बैठका. त्याला पद्मासन कधीच जमलं नाही. वस्ताद त्याच्या पाठीत काठी घालायचे, आणि मी आजतागायत त्याला आळशी म्हणत आलो. पांझराकाठ ताई, एक सांगा, हाडच वेगळं असू शकतं का?

पांझराकाठ
हो काका. वाटी किती खोल, तिचं तोंड कोणत्या दिशेला, मांडीच्या हाडाची मान किती कोनात, हे माणसागणिक वेगळं असतं, सख्ख्या भावांतही. हाडाला हाड लागलं की पुढे जागा नसते. तिथे कितीही वर्षं कळ सोसली तरी काही होत नाही.

चोपड्याचा_पैलवान
संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन आलो. सांगितलं त्याला.

मेहरूणकाठ
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. भुसावळच्या ताईंनी सांगितलं तसंच केलं. तलावावर एक फेरी, मग घरी येऊन जमिनीवर सतरंजी. पहिले दोन आठवडे फक्त झोपून. पहिल्या दिवशी घोटा मांडीवर ठेवला आणि नुसत्या त्या ठेवण्यानंच उजव्या कुल्ल्यात खोल कुठेतरी ओढ लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आखडलंय ते हे, गुडघा नव्हे. इतके दिवस मी गुडघ्यालाच तेल चोळत होते. तिसऱ्या आठवड्यात बसायला लागले. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, तिची चौपदरी घडी, तिच्या कडेवर बसायचं, मधोमध नाही, म्हणजे कंबर पुढे कलते.

परवा कानबाई झाली. गोधडीची घडी घेऊन गेले. मांडी घालून बसले, दोन्ही गुडघ्यांखाली छोट्या उशा. तासा-दीड तासानं उठून अंगणात एक चक्कर मारायची, परत बसायचं. पाय बदलून मांडी घालायची. पहाटेपर्यंत होते मंडळी! जाऊबाईंनी विचारलं, उशी कशाला, तर त्यांनाही एक दिली. रात्री दोनपर्यंत सहा जणींच्या गुडघ्यांखाली उशा होत्या, घरातल्या सगळ्या संपल्या. उजवा गुडघा अजून चार बोटं वर राहतो. दुखत नाही.

खापरमांडे
ताई, डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षी मी अमळनेरहून उशा घेऊन येते.

कपाशी
मास्तर, त्या मुलाचं काय झालं?

सातपुड्याचा_मास्तर
धुळ्याला नेऊन एमआरआय केला. डाव्या खुब्यात हाड मरायला सुरुवात झालेली आहे. पायावर भार नको म्हणून कुबड्या दिल्यात, औषध सुरू आहे, दर महिन्याला दाखवायला नेतो. सकाळी बाकीची मुलं आसनं करतात तेव्हा तो माझ्या खुर्चीवर बसून श्वास मोजतो. मोठ्यानं, एक ते सहा. मुलं त्याच्या मोजण्यावर थांबतात.